डावीकडे वळताना येणारा आवाज

गाडी सरळ चालताना गप्प असायची. उजवीकडे वळली तरी गप्प. डावीकडे वळायला लागली की पुढून आवाज यायचा, कट, कट, कट, आणि वळण संपलं की थांबायचा. कोणीतरी शेजारी बसून सुपारी कातरतंय असं वाटायचं. तो आवाज मी ऐकला, आईनं ऐकला, सोसायटीतल्या अर्ध्या लोकांनी ऐकला. ज्या माणसाला तो सगळ्यात आधी ऐकू यायला हवा होता त्याला तो आलाच नाही. तो माणूस म्हणजे माझे वडील. त्या आवाजापायी आम्ही त्यांच्याशी जसं वागलो ते आज लिहिते आहे. लिहून काही सुधारणार नाही, हेही मला माहीत आहे.

बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. पत्र्याचे भाग दाबून काढणारे मोठमोठे प्रेस जिथे दिवसभर आदळत असत, त्या खात्यात त्यांनी पंचवीसेक वर्षं काढली. ऐंशीच्या दशकात मी शाळेत होते तेव्हा त्यांची ओळख एकच होती, मशीन ऐकणारा माणूस. त्यांच्याकडे लाकडी मुठीचा एक लांब स्क्रूड्रायव्हर होता. त्याचं टोक चालू मशीनला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि मोकळा हात वर करायचा. हात वर झाला की आजूबाजूच्यांनी गप्प व्हायचं. मग डोळे उघडून ते सांगायचे, अमुक बुश झिजलाय, तमुक बोल्ट ढिला आहे. उघडून बघावं तर तेच निघायचं.

घरीही तेच. शेजारणीचं शिलाई मशीन, कोणाचा पंखा, सोसायटीचा पाण्याचा पंप, सगळं आमच्या दाराशी यायचं. बाबा हात वर करायचे आणि अख्खा जिना गप्प व्हायचा. आम्हा मुलांना त्या शांततेचा केवढा अभिमान!

त्यामागे आणखी एक गोष्ट होती, ती मला मोठी झाल्यावर आईनं सांगितली. आम्ही बौद्ध. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली. बाबा खात्यात लागले तेव्हा जेवणाच्या सुट्टीत बाकावर त्यांच्यासाठी जागा नसायची. कोणी तोंडानं काही म्हणत नसे, पण जागा होत नसे. मग एकदा मोठा प्रेस बंद पडला. दोन दिवस साहेब लोक कागद उलगडून बसले होते. बाबांनी स्क्रूड्रायव्हर लावला आणि पाच मिनिटांत दोष दाखवून दिला. दुसऱ्या दिवशी बाकावर जागा झाली. "मला बसायला जागा या कानानं दिली," असं बाबा आईला म्हणाले होते. कारखान्यात कानात घालायला कापूस मिळे. बाबांनी तो कधी घातला नाही. कापूस घातला तर मशीन काय बोलतंय ते कळणार कसं?

नव्वदनंतर कारखाना बंद झाला. हिशेबाचे पैसे मिळाले तेव्हा लोकांनी मुदतठेवीत टाकले, कोणी गावी घर बांधलं. बाबांनी एक जुनी गाडी घेतली. ती छोटी पांढरी गाडी तेव्हा गल्लोगल्ली दिसू लागली होती. "हत्ती आणलात दारात," आई म्हणाली. पण त्या हत्तीपायी बाबा सकाळी उठत होते. हाताला काही काम होतं. मला त्यांनी गाडी शिकवली. आम्ही बदलापूरला मांजर्लीत राहायचो आणि मी अंबरनाथ पूर्वेच्या एका शाळेत शिकवत होते. पाऊस जास्त झाला की ते मला शाळेत सोडायला यायचे आणि फाटकाशी उतरून उगाचच बॉनेट उघडून बघायचे. पालकांनी बघावं म्हणून, दुसरं काय.

कारखाना सुटल्यापासून ते बोलायचे कमी झाले होते. हाक मारली तर ओ देत नसत. टीव्ही मोठ्यानं लावत. कुकरच्या शिट्ट्या मोजायला सांगितल्या तर विसरत. "मनाला लावून घेतलंय," आई म्हणायची आणि मी मान डोलवायची. मी शिक्षिका. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाला फळा दिसत नसेल तर मला दोन दिवसांत कळायचं. घरात तीन वर्षं कळलं नाही.

त्या जुलैत उल्हास नदीचं पाणी आमच्या आवारात शिरलं. मांजर्लीत ते नवीन नव्हतं. सामान माळ्यावर चढवायची सवय होती, पण गाडी माळ्यावर कशी चढवणार? रस्ता आधीच बुडालेला. गाडी एक रात्र आणि एक दिवस चाकांच्या वरपर्यंत पाण्यात उभी राहिली. पाणी ओसरल्यावर बाबांनी ती सगळी उघडून वाळवली, तेलं बदलली, गाद्या गच्चीत टाकल्या. आठ दिवसांनी गाडी सुरू झाली तेव्हा त्यांनी आईच्या हातावर साखर ठेवली. बऱ्याच दिवसांनी घरात हसणं झालं.

आणि महिन्याभरात तो आवाज सुरू झाला.

पहिल्यांदा बोलले ते वरच्या मजल्यावरचे काका. एका कंपनीतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, भला माणूस, जिभेला मात्र हाड नाही. खिडकीतून ओरडले, "अहो, वळताना गाडी तुमची दात वाजवतेय! पुरानंतर नजर काढलीत का? लिंबू-मिरची बांधा पुढं."

"आवाजाला कारण असतं साहेब," बाबा म्हणाले. "लिंबू बांधून नट आवळला जात नाही."

काका हसले. मीही हसले. पण बाबांनी 'कसला आवाज' असं विचारलं नाही, हे मला तेव्हा खटकायला हवं होतं.

नंतर मी त्यांना म्हटलं, "बाबा, खरंच येतो हो, डावीकडे वळताना."

"हां, हां. बघतो."

त्यांनी चाकाच्या झाकणात खडा अडकलाय का पाहिलं. नट आवळले. ग्रीस भरलं. प्रत्येक वेळी फेरी मारून यायचे आणि आमच्या तोंडाकडे बघायचे. आई म्हणायची, "आहेच हो अजून." ते पुन्हा जमिनीवर आडवे व्हायचे. मी चिडायला लागले होते. ज्या माणसानं साहेबांना पाणी पाजलं त्याला एवढीशी गाडी कळू नये? एकदा मी फटकन म्हटलंही, "लक्ष देऊन ऐका ना जरा!" ते माझं वाक्य आठवलं की आजही मला माझाच राग येतो.

एका रविवारी दुपारी मी चहा घेऊन खाली गेले. गाडी जॅकवर होती, इंजिन चालू, पुढचं चाक हवेत फिरत होतं. बाबा माझ्याकडे पाठ करून उकिडवे बसले होते. स्क्रूड्रायव्हरचं टोक चाकामागच्या लोखंडाला, मूठ उजव्या कानाला. मग मूठ डाव्या कानाला. मग कानामागच्या हाडाला. मग त्यांनी ती लाकडी मूठ तोंडात घेतली, दातांत घट्ट धरली, डोळे मिटले आणि नेहमीसारखा हात वर केला.

आवारात कोणीच नव्हतं. गप्प व्हायला मी एकटीच होते. मी चहा घेऊन उभी राहिले आणि मला सगळं कळलं. कुकर कळला, टीव्ही कळला, न दिलेल्या हाका कळल्या. ते दातांनी ऐकत होते.

मी मागे सरकून पुन्हा पायऱ्यांवर गेले आणि चपला वाजवत आले. त्याचाही उपयोग नव्हता. समोर जाऊन उभी राहिले तेव्हा त्यांनी मूठ पटकन सदऱ्याला पुसली.

"बेअरिंग सुकलंय बहुतेक," ते म्हणाले. मग जरा थांबून, चहाकडे बघत, "तुला कुठनं येतो गं? कुठल्या बाजूनं?"

त्यांनी दुसऱ्याच्या कानाला विचारलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. मला घाई झाली. त्यांना लवकर काहीतरी द्यावं, एवढंच डोक्यात.

"डावीकडून," मी म्हटलं.

"पक्कं?"

"पक्कं."

आईला विचारलं, तीही म्हणाली डावीकडून. डावीकडे वळताना येतो म्हणजे डावीकडूनच येणार, आम्हाला दुसरं काय सुचणार? दोघींपैकी एकीनंही कधी खिडकीबाहेर डोकं काढून नीट ऐकलं नव्हतं. बाबांनी मात्र आमचा शब्द प्रमाण मानला.

डाव्या चाकाचं बेअरिंग बदलायला त्यांना तीन दिवस लागले. कारखान्यातली ठेवलेली हत्यारं त्यांनी बाहेर काढली. पंचावन्नचं वय, पण हात तसाच होता, ठोका मोजून पडायचा. चाकाच्या मधोमध एक मोठा नट असतो आणि तो सुटू नये म्हणून त्याच्यातून आरपार एक पिन घालून तिचे दोन पाय वाकवतात. बाबांची ती वाकवायची एक पद्धत होती. एक पाय नटाच्या माथ्यावर चपटा, दुसरा कापून बाजूला असा दाबलेला की बोट फिरवलं तरी टोचू नये. मग त्यावरून ते फडकं फिरवायचे. कारखान्यात एका माणसाची बाही अशाच उभ्या पिनेत अडकून हात गेला होता. "फडकं अडकलं तर काम झालंच नाही," ते म्हणायचे. एका बाजूचं उघडलं तर दुसऱ्या बाजूचंही बघायचं हा त्यांचा नेम. म्हणून उजव्या चाकाचीही पिन त्यांनी नवी घातली, तशीच वाकवली, फडकं फिरवलं. चाक सरळ होतं, सगळीकडे पुराचा वाळलेला चिखल होता. तिथे त्यांना काही दिसलं नाही, आणि आम्ही तिथे बघायला सांगितलंही नव्हतं.

चौथ्या दिवशी चाचणी. सोसायटीमागच्या मोकळ्या मैदानात बाबा गाडी घेऊन आले. शेजारी आई, मागे मी, बाहेर काका कमरेवर हात ठेवून उभे. बाबांनी स्टीअरिंग पूर्ण डावीकडे वळवलं आणि गाडी हळूहळू गोल फिरवायला लागले.

कट, कट, कट, कट. आधीपेक्षा मोठा.

"गेला ना?" बाबांनी विचारलं.

त्यांच्या मानेवर अजून ग्रीसचा डाग होता. आईनं माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. म्हणजे मी तिला सांगितलेलं नव्हतं, पण तिलाही ठाऊक होतं. कधीपासून कोण जाणे. ती मोठ्यानं म्हणाली, "गेला, गेला! एकदम गेला."

बाबांनी आरशात बघितलं. त्यांना माझा आवाज नको होता, मान हवी होती. मी मान हलवली. आईनं खिडकीतून काकांकडे डोळे मोठे करून बघितलं आणि त्या जिभेला हाड नसलेल्या माणसानंही त्या दिवशी अंगठा वर केला. गाडी कटकटत फिरत होती आणि आत आम्ही तिघं हसत होतो.

पुढचे पंधरा दिवस मी बाबांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. भेटेल त्याला बेअरिंगची गोष्ट. "दोष छोटा असतो, पकडायला कान लागतो." लोक माना डोलवायचे, मग गाडी वळायची, आवाज यायचा आणि लोक आभाळाकडे बघायचे. सगळ्या मांजर्लीनं मिळून एका म्हाताऱ्याची समजूत काढली. मला ते सहन होत नव्हतं आणि थांबवायची हिंमतही नव्हती. त्यात आवाज वाढत चालला होता. ते रोज आईला बाजारात घेऊन जायचे. वळणावर काहीतरी तुटलं तर, हा विचार शिकवतानाही डोक्यात असायचा.

शेवटी मी खोटं बोलले, एवीतेवी त्यात आता मुरलेच होते. स्नेहसंमेलनासाठी उल्हासनगरहून कापड आणायचंय, बरोबर दुसऱ्या बाई आहेत, गाडी हवी. बाबांनी किल्ली दिली. "बिनघोर जा. गाडी ठणठणीत आहे आता."

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये बाजाराच्या मागे एका वयस्क सिंधी मिस्त्रींचं गॅरेज होतं. त्यांनी गाडीत बसून एकच गोल मारला, फार तर अर्धा.

"राइट का जॉइंट गया, बेटा."

"आवाज लेफ्टला वळताना येतो," मी म्हटलं.

"हां, तो राइट ही गया ना. लेफ्ट घुमाओ तो वजन राइट पे आता है. जिसपे वजन, वो बोलेगा." त्यांनी चाक पूर्ण वळवून मला वाकायला सांगितलं. चाकाला फिरवणाऱ्या दांड्याच्या सांध्यावर घड्यांचं एक काळं रबर होतं. चाक वळल्यावर एक घडी उघडली आणि आत बोटभर चीर दिसली. "पानी में खडी थी? देखो, अंदर रेती. ग्रीस सब बाहर."

म्हणजे इतकंच होतं. बाबांना कोणी 'उजवीकडून' म्हटलं असतं तर ही चीर त्यांनी दहा मिनिटांत शोधली असती. चूक त्यांची नव्हती. ऐकणारे आम्ही होतो.

मिस्त्री डाव्या चाकाकडे गेले आणि बराच वेळ बघत बसले. "ये बेअरिंग किसने बिठाया? एक नंबर हाथ है, साईं. ऐसा पिन अब कोई नहीं मारता." मी म्हटलं, माझ्या वडिलांनी. "फिर उनको कैसे नहीं सुनाई दिया?" त्यांनी सहज विचारलं. मी किती वेळ लागेल ते विचारलं.

दुपारपर्यंत नवा जॉइंट बसला. नवं रबर काळंभोर चमकत होतं. ते बाबांच्या नजरेतून सुटणार नव्हतं. मी मिस्त्रींना म्हटलं, "याला चिखल लावा ना थोडा. जुनं दिसायला हवं." ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी जमिनीवरची माती जुन्या ग्रीसमध्ये कालवली आणि त्या नव्या रबराला बोटांनी माखली. एखाद्या मिस्त्रीकडून मी याहून वाईट काम कधी करून घेतलेलं नाही.

येताना अंबरनाथपर्यंत मी मिळेल ते डावं वळण घेतलं. गाडी गप्प होती. मला हायसं वाटायला हवं होतं.

रविवारी बाबा गाडी धुवायला खाली उतरले. चाकांची झाकणं काढून ते प्रत्येक नट पुसायचे. मी वर भाजी निवडत होते. बराच वेळ पाण्याचा आवाज आला नाही म्हणून खिडकीतून बघितलं. बाबा उजव्या चाकापुढे बसले होते आणि हातातलं फडकं चाकाला अडकलं होतं. जॉइंट बसवायला मिस्त्रींनी तो मधला नट उघडला होता आणि पिनेचे पाय सगळे वाकवतात तसे वाकवले होते, एक इकडे, एक तिकडे. रबराला माती लावायचं मला सुचलं, पिन सुचली नाही.

त्यांनी फडकं सोडवलं नाही. एक बोट पिनेवरून फिरवलं. मग चाक वळवून आत हात घातला, बोटांनी माती पुसली, खालचं रबर बघितलं. तसेच बसून राहिले.

मी खाली गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. त्यांच्यासमोर उकिडवी बसले.

"कॅम्पला गेलीस तेव्हा?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"म्हणजे बेअरिंगनं गेला नव्हता."

"नाही."

"आईला माहीत होतं?"

"हो."

"वरच्या साहेबांना?"

मी पुन्हा मान हलवली. त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. पण त्यांच्या तोंडावर राग नव्हताच. शाळेत एखाद्या मुलाला सगळा वर्ग हसून झाल्यावर कारण कळतं, तेव्हा तो जसा बघतो तसे ते बघत होते. मी ते केलं होतं, माझ्या बापाचं.

"मला सांगायचंस गं," ते म्हणाले. "मी कान तपासून घेतले असते की. नाहीतर गाडी विकली असती. आवाज आहे म्हणायचं, एवढंच होतं." मग लाकडी मुठीचा तो स्क्रूड्रायव्हर उचलून त्यांनी शेजारच्या हत्यारांच्या पेटीत सगळ्यात खाली ठेवला आणि वर पाने रचले. तो पुन्हा कधी वर आला नाही.

पेटी बंद करताना ते थांबले. "कसा होता?"

"काय?"

"आवाज. कसा होता तो? करून दाखव."

मी जीभ टाळ्याला लावली आणि तो आवाज काढला. कट, कट, कट. बाबांनी सवयीनं हात वर केला, डोळे मात्र उघडेच ठेवले, माझ्या ओठांवर. मी आणखी जोरात काढला. ते जरा पुढे झुकले आणि वाट बघत राहिले.

"काढ ना," ते म्हणाले.

मी काढतच होते.